आधी तोरणमाळला विचारा : नंदुरबार जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, नंदुरबार

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

शहाद्यात गेली एकवीस वर्षे मी अठरा खोल्यांचे लॉज आणि त्याला लागून एक खानावळ चालवतो. शनिवारी दुपार कलली की सुरत, इंदूर, नाशिक, धुळे अशा ठिकाणच्या गाड्या अंगणात लागतात. मंडळी रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन झोपतात आणि उजाडता उजाडता सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणाचा घाट धरतात. त्यांच्यावर माझे घर चालले, दोन मुलांची शिक्षणे झाली, तेव्हा पर्यटनाच्या नावाने बोटे मोडणारा माणूस मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. दर दोन-चार वर्षांनी तोरणमाळच्या ‘विकासा’ची चर्चा उठते, वर्तमानपत्रांत मथळे येतात, आमच्यासारखे धंदेवाईक खूश होतात आणि पुन्हा सारे शांत होते. उद्या ही चर्चा खरोखर कागदावर उतरून आपल्यासमोर आली, तर त्या बैठकीत कोणता प्रश्न पहिला विचारला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझ्या मते तो प्रश्न खाटा किती वाढतील हा नाही. तोरणमाळच्या ग्रामसभेला या खाटा हव्या आहेत का, हा आहे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही, गल्लीतून आले. २०१९ च्या मे महिन्यात माझे जुने बोअर आटले, म्हणून मी साडेतीनशे फुटांचे नवे मारले. पाणी लागले, खोल्या भरल्या. पंधरवड्याच्या आत शेजारच्या आप्पांचे एकशे ऐंशी फुटांचे बोअर कोरडे पडले. आप्पा भांडायला आले नाहीत. एका सकाळी ते माझ्या दारातल्या पायरीवर रिकामा हंडा ठेवून बसले आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या पाहुण्यांकडे पाहत राहिले. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि कप खाली ठेवताना म्हणाले, “तुना पाव्हना दोनदा आंग धोतस, आनि आमना हंडा रिकामा शे.” त्या दिवसापासून उन्हाळ्यात गल्लीला माझ्याकडून सकाळी तासभर नळी लावून मिळते, पण ते माझ्या मर्जीवर चालते आणि ही गोष्ट आप्पांच्या मनातून गेलेली नाही, हे मला ठाऊक आहे. कायद्याने माझी काही चूक ठरली असती की नाही, मला ठाऊक नाही. राग आला होता तो पाहुण्यावर दिसत होता. त्याचे मूळ मात्र मी कोणालाही न विचारता मारलेल्या भोकात होते.

गेली काही वर्षे युरोपातील शहरांत पर्यटकांविरुद्ध मोर्चे निघत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. ६ जुलै २०२४ रोजी बार्सेलोनात काही हजार लोक रस्त्यावर उतरले आणि हॉटेलांबाहेर खात बसलेल्या परदेशी पाहुण्यांवर त्यांनी खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. आपल्याकडे त्या चित्रफितींवर लोक हसले. धंद्यातल्या आमच्या मंडळींनी ‘घरी आलेल्या लक्ष्मीला हाकलणारे लोक’ अशी त्यांची संभावना केली. मला त्या पिचकारीत आप्पांचा हंडा दिसला, आणि मग त्या शहरात नेमके काय घडत आले, हे जमेल तसे वाचत गेलो.

बार्सेलोनाची वस्ती सुमारे सोळा लाखांची आणि तिथे मुक्कामाला येणारे पर्यटक वर्षाला एक कोटीहून अधिक. १९९२ च्या ऑलिंपिकनंतर त्या नगरपालिकेने स्वतःच जगाला आवतण दिले होते आणि शहराला त्याचा लाभही झाला. कुरबुर सुरू झाली ती घरांवरून. मालकांना असे दिसून आले की महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा पुष्कळ अधिक पैसे देतो, आणि एकेका इमारतीतले वर्षानुवर्षांचे बिऱ्हाड उठून तिथे चाकांच्या बॅगा खडखडू लागल्या. २०१४ च्या ऑगस्टमध्ये बार्सेलोनेता नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या कोळीवस्तीतले रहिवासी पहिल्यांदा मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, कर्जापायी घरातून हुसकावल्या जाणाऱ्या कुटुंबांसाठी लढलेल्या आदा कोलाऊ त्या शहराच्या महापौर झाल्या. म्हणजे गल्लीतल्या कुरबुरीला सत्तेच्या दारापर्यंत पोहोचायला फार काळ लागला नाही. त्यांनी आल्या आल्या नव्या हॉटेलांचे परवाने थांबवले आणि २०१७ मध्ये पर्यटक-निवासांसाठी शहराची विभागवार मर्यादा ठरवणारा आराखडा आणला.

इथपर्यंतची कथा चळवळीच्या विजयाची वाटते. पण भाडी चढतच राहिली. २०२३ च्या निवडणुकीत कोलाऊंचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि समाजवादी पक्षाचे जाउमे कोलबोनी महापौर झाले. हे कोलबोनी काही चळवळीतले नव्हेत, तरीही जून २०२४ मध्ये त्यांना जाहीर करावे लागले की शहरातील १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे कारण त्यांनी स्वतः दिले. ज्या प्रादेशिक कायद्याच्या आधारावर हे ठरले, त्याविरुद्धची याचिका स्पेनच्या घटना न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळली. एका पक्षाची सत्ता गेली, दुसऱ्याची आली, पण प्रश्न तोच राहिला आणि उत्तर आधीच्यापेक्षा कडक झाले. राजकारणावरचा या आंदोलनांचा खरा परिणाम मला इथे दिसतो : कोणाची खुर्ची गेली यापेक्षा, पर्यटकांची संख्या वाढली म्हणजे शहराचे भले झाले, हे वाक्य आता तिथल्या कोणत्याच पक्षाला पूर्वीसारखे बेधडक म्हणता येत नाही.

त्या शहरातली एक बारीक गोष्ट मला फार लागली. पार्क ग्युएल या प्रसिद्ध बागेकडे चढणाऱ्या रस्त्यावर ११६ क्रमांकाची एक छोटी बस धावते. टेकडीवरच्या म्हाताऱ्यांना बाजारहाट करून घरी नेणारी ती बस पर्यटकांनी इतकी भरून जाऊ लागली की त्यांना तीत पाय ठेवता येईना. शेवटी २०२४ मध्ये नगरपालिकेने तो मार्ग गूगल मॅप्सवरून काढून टाकायला लावला, आणि म्हाताऱ्यांना पुन्हा बसायला जागा मिळाली. आपल्याच गल्लीतल्या बसमध्ये बसायचे, तर ती बस जगापासून लपवावी लागते! तोरणमाळला जाणाऱ्या एसटीतही डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई आणि पाठीवर सॅक अडकवलेला तरुण एकाच दारातून चढतात. शिवरात्रीच्या आसपास त्या दारात कोण आत जातो आणि कोण खाली राहतो, हे आपण एकदा उभे राहून पाहावे.

स्पेनच्याच कॅनरी बेटांची गोष्ट आपल्याला याहून जवळची आहे, कारण तिथे घरांबरोबर पाण्याचाही प्रश्न होता. सुमारे बावीस लाख वस्तीच्या त्या बेटांवर २० एप्रिल २०२४ रोजी, ‘कॅनरीला मर्यादा आहे’ अशी घोषणा घेऊन पन्नास हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर आली. काही कार्यकर्त्यांनी उपोषणही केले. त्याच वर्षी टेनेरिफे बेटावर पाण्याची आणीबाणी जाहीर करण्याची वेळ आली होती. हॉटेलांत राबणारे कित्येक लोक भाडे परवडत नाही म्हणून गाड्यांमध्ये राहत होते. पर्यटनाने रोजगार मिळतो, हे खरेच. पण रोजगार मिळालेल्या माणसाला त्याच गावात राहता येईल, याची हमी रोजगार देत नाही, ती कोणीतरी वेगळी द्यावी लागते.

व्हेनिसचा उल्लेख धावताच करतो. १९५१ मध्ये त्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती, २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. एप्रिल २०२४ पासून तिथे ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले, पहिल्या वर्षी ते पाच युरो होते. तिजोरीत पैसे आले, गर्दी हटली नाही. आपल्याकडेही वाहनकर आणि प्रवेशशुल्क यांवर सारे भागवण्याची हौस आहे, म्हणून हे ध्यानात असावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा प्रपंच मांडला, ती सांगतो. या सगळ्या ठिकाणी लोकांना बोलण्याची संधी मिळाली ती गोष्टी हाताबाहेर गेल्यावर, आणि बोलूनही त्यांचे चालेलच असे नव्हते. अमेरिकेतील की वेस्ट या छोट्या बेटशहराने नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान घेऊन ठरवले की मोठी प्रवासी जहाजे आपल्या बंदराला लागू द्यायची नाहीत आणि दिवसाला १,५०० हून अधिक प्रवासी उतरू द्यायचे नाहीत. साठ टक्क्यांहून अधिक लोकांचा कौल त्या बाजूने होता. २०२१ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो कौल निकालात काढला. पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये राहत्या इमारतींतील पर्यटक-सदनिकांबाबत सार्वमत घ्यावे म्हणून नागरिकांनी हजारो सह्या गोळा केल्या. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या घटना न्यायालयाने तो प्रस्ताव घटनेला धरून नसल्याचे सांगून अडवला. ज्या गावाला ‘नको’ म्हणता येत नाही, ते गाव पिचकारी उचलते. पिचकारी ही त्या मानाने सौम्य वस्तू आहे.

‘हे परदेशातले झाले’ असे कोणी म्हणेल, तर त्यांनी अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा या रस्त्याने केवडियापर्यंत जाऊन यावे. माझ्या लॉजमधले निम्मे पाहुणे हल्ली एकतर तिथून येतात, नाहीतर तिथे जातात. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे उद्घाटन झाले, त्याच्या काही दिवस आधी सरदार सरोवरालगतच्या २२ गावांच्या सरपंचांनी पंतप्रधानांना खुले पत्र लिहून आपण स्वागताला येणार नसल्याचे कळवले होते. त्या भागातील सहा गावांची जमीन धरणाच्या वसाहतीसाठी १९६० च्या दशकातच घेतली गेली होती. धरणासाठी म्हणून गेलेल्या जमिनीवर साठ वर्षांनी पर्यटनाचे शहर उभे राहताना ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात काय आले असेल? पुतळा पाहायला जाणाऱ्यांचा मला राग नाही, मीच त्यांना रस्ता सांगतो. पण आपल्या जिल्ह्यातही त्याच धरणाच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुव्याची गावे गेली आहेत. ‘विकास’ हा शब्द तिथल्या म्हाताऱ्यांच्या कानाला वेगळा ऐकू येतो, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र अशी आहे, जी बार्सेलोनाकडे नाही आणि की वेस्टकडेही नव्हती. तोरणमाळ ज्यात आहे तो अक्राणी तालुका अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गावपातळीवरच्या विकासयोजना हाती घेण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता आवश्यक ठरवली, भूसंपादनाआधी सल्लामसलत बंधनकारक केली आणि लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांची जोड दिली. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांकडे पाठवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने खाणीला परवानगी नाकारली. खाण आणि रिसॉर्ट यांत फरक आहे, हे मान्य. पण डोंगर ज्यांचा देव आहे त्यांना आधी विचारायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

आमच्या धंद्यातले लोक म्हणतील की ग्रामसभेला विचारत बसलो तर काहीच होणार नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तोरणमाळ परिसरातली तरुण पोरे आजही दिवाळी आटोपली की ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात. त्यांतल्या दहाजणांना गावातच घरगुती मुक्काम, वाटाड्या किंवा जीप यांवर पोट भरता आले, तर मला आनंद आहे आणि त्यांच्या आयांना माझ्याहून अधिक. एका परीने गर्दी अजून मर्यादेत आहे, हेच आपले भाग्य. सह्याद्रीत कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या बांधून दिली गेली. आपल्या शेजारी अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबवून तिथून चार किलोमीटर बसने नेतात आणि कोणाचे अडत नाही. याउलट निलगिरीत पाणी डोक्यावरून गेल्यावर मद्रास उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले : मे २०२४ पासून उटीला ई-पास लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून निलगिरीत आठवड्याच्या इतर दिवशी ६,००० व शनिवार-रविवारी ८,००० गाड्यांची मर्यादा आली, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला. लॉजवाला म्हणून मला त्या व्यापाऱ्यांचे दुःख कळते. मर्यादा उशिरा आली की ती धंद्यावर कुऱ्हाडीसारखी येते, कारण तोवर माणसाने कर्ज काढून आणखी वीस खोल्या बांधलेल्या असतात.

थोडे विषयांतर होते, पण सांगतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला मी दरवर्षी जातो. रात्रभर ढोल, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू, आणि पहाटे पेटणारा तो उंच बांबू. काही वर्षांपूर्वी माझ्याच लॉजमधून आलेल्या एका गटाने नवस फेडणाऱ्या एका बुध्याला कॅमेऱ्याचा झोत नीट पडेना म्हणून हाताने धरून वळवले. तो वळला, काही बोलला नाही, आणि मग हळूच गर्दीत नाहीसा झाला. नवसाचे व्रत पाळणाऱ्याला असे धरायचे नसते, हे त्या पाहुण्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायला मी होतो.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की तोरणमाळसाठी कोणतीही योजना, रस्ता रुंदीकरणापासून निवासस्थानांपर्यंत, निधीच्या कागदावर येण्याआधी ती तोरणमाळ आणि पाण्याने तिच्याशी जोडलेल्या पाड्यांच्या ग्रामसभांसमोर ठेवावी, आणि तिथे मराठीत वाचून न दाखवता पावरी-भिलोरीत समजावून सांगावी. यशवंत तलावात मे महिन्यात किती पाणी उरते, त्यातून गावाला किती लागते आणि उरलेल्यात किती पाहुण्यांची अंघोळ होते, एवढा एक हिशोब त्या कागदाला जोडलेला असावा. तो हिशोब नसेल, तर मंजुरी नसावी. गावातली जमीन किंवा घरे बाहेरच्यांनी मुक्कामाच्या धंद्यासाठी भाड्याने घेण्यावर ग्रामसभेचे नियंत्रण असावे, म्हणजे बार्सेलोनेताच्या कोळ्यांवर आली ती वेळ येणार नाही. आणि ग्रामसभेने ‘नको’ म्हटले, किंवा ‘एवढेच हवे’ म्हटले, तर ती फाइल वरच्या कार्यालयात नेऊन फिरवू नये. सल्ला घेणे आणि संमती घेणे यांतला फरक आपणा सर्वांना चांगला ठाऊक आहे.

अशी बैठक घ्यायचे ठरले, तर ती नंदुरबारच्या सभागृहात न घेता तोरणमाळलाच घ्यावी, आणि पावसाळ्यात धबधबे पडत असताना न घेता मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यावी. शहाद्याहून मी येईन. गेल्या काही वर्षांची पाहुण्यांची रजिस्टरे, टँकरची बिले आणि माझ्या बोअरला गेल्या वर्षी बसवलेल्या मीटरचे आकडे सोबत आणीन. एका खोलीला दिवसाला किती पाणी लागते ते आपल्याला त्यावरून कळेल, आणि तो आकडा माझ्या धंद्याच्या सोयीचा नाही. आप्पांनाही गाडीत बसवून आणण्याचा विचार आहे, ते तयार झाले तर.

आपला विश्वासू,
शहादा येथील एक लॉजचालक